कॉलेजची बास्केटबॉल कोच व्हायचंय, पण नोकरी कुठे असते?

प्रश्न : माझी मुलगी कल्याणच्या एका कॉलेजात एस.वाय.बी.ए.ला आहे. अकरावीपासून कॉलेजच्या बास्केटबॉल संघात खेळते. अमेरिकेतल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या कोचवरची मालिका तिने पाहिली आणि तेव्हापासून ‘मला हेच करायचंय’ असा तिचा हट्ट आहे. ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात हे काम करून घर चालतं का, की ही सगळी तिकडचीच गोष्ट?
– एक पालक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : तिने पाहिली ती बहुधा २०२१ सालची ‘लास्ट चान्स यू : बास्केटबॉल’ असावी. ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजचा संघ आणि त्याचे कोच जॉन मोस्ली यांच्यावरची. अमेरिकेतली कम्युनिटी कॉलेजं दोन वर्षांची असतात. मोठ्या विद्यापीठांनी न निवडलेली मुलं तिथे येतात आणि दोन वर्षांत स्वतःला सिद्ध करून पुढे जातात. एनबीएचा जिमी बटलर असाच टेक्सासमधल्या टायलर ज्युनिअर कॉलेजातून वर आला. कोचही याच वाटेने मोठे झाले. जेरी टार्केनियन यांनी साठच्या दशकात रिव्हरसाइड आणि पासाडेना इथल्या कम्युनिटी कॉलेजांचे संघ घडवले आणि १९९० मध्ये नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगासच्या संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं.

मालिकेत सामन्यांची रंगत जास्त दिसते. कोचचा पगार कुठून येतो, ते त्यामानाने कमी दिसतं. कम्युनिटी कॉलेजांतले बरेच कोच शारीरिक शिक्षणाचे तासही घेतात. नोकरी शिक्षकाची आणि तिच्या जोडीने संघ. ही रीत खेळाइतकीच जुनी आहे. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत हा खेळ शोधला, तेव्हा ते तिथे व्यायामाचे शिक्षक होते. १८९८ मध्ये ते कॅन्सस विद्यापीठात गेले, तेही शारीरिक शिक्षण आणि प्रार्थनामंदिराची जबाबदारी घेऊन. संघ त्यांनी त्याबरोबरच सांभाळला. त्यात ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. बास्केटबॉलच्या जनकाच्या नावावर जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामने जास्त आहेत, हे मुलीला जरूर सांगा. तिथेच त्यांच्या हाताखाली खेळलेले फॉग ॲलन पुढे या खेळातले नामवंत कोच झाले.

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. इथल्या कॉलेजांत ‘बास्केटबॉल कोच’ असं मंजूर पद सहसा नसतं. पद असतं ते शारीरिक शिक्षण संचालकाचं. कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे संघ, विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे अर्ज आणि वार्षिक क्रीडा महोत्सव हे सगळं त्या एकाच माणसाकडे. बास्केटबॉलसाठी वेगळा कोच ठेवलाच, तर तो मानधनावर, स्पर्धांच्या हंगामापुरता. तेवढ्या मानधनात घरभाडंही निघत नाही. ज्या कोचच्या जोरावर कॉलेज चषक मिळवतं, त्याला वर्षभर काम देण्याची तरतूद नसावी, हे मला मुळीच पटत नाही. पण आज परिस्थिती अशी आहे आणि ती लपवून तिला या वाटेवर पाठवू नका.

म्हणून नजर संचालकपदावर ठेवायची. पदवीनंतर दोन वर्षं बी.पी.एड., दोन वर्षं एम.पी.एड. आणि मग नेट. एम.पी.एड.ला किमान ५५ टक्के लागतात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार उमेदवार स्वतः आंतरमहाविद्यालयीन, आंतरविद्यापीठ किंवा राज्य पातळीवर खेळलेला असावा लागतो आणि शारीरिक क्षमता चाचणीही द्यावी लागते. तीस वर्षांपर्यंतच्या महिलेला आठ मिनिटांत १००० मीटर. रोज सराव करणाऱ्या मुलीला हे जड नाही. ती आज खेळतेय ते सामने उद्या नोकरीच्या अर्जात मोजले जातील, तेव्हा सहभागाचं एकही प्रमाणपत्र हरवू देऊ नका. अनुदानित कॉलेजातल्या या पदाचं सुरुवातीचं मूळ वेतन सातव्या आयोगानुसार ५७,७०० रुपये आहे. अडचण भरतीची आहे. जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात आणि सुरुवातीचा काळ अनेकांना तासिका तत्त्वावर काढावा लागतो.

तेवढ्या काळाची सोय आधीच करून ठेवावी. पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षणातली पदविका केली, तर राज्याच्या क्रीडा विभागातल्या क्रीडा मार्गदर्शक पदाच्या भरतीत ती कामी येते. शाळांत क्रीडाशिक्षक म्हणूनही जाता येतं. पंचगिरीची परीक्षा देऊन ठेवली तर हंगामात थोडं उत्पन्न होतं आणि नियमही पक्के होतात. खासगी बॅचेसचं कामही आता बरंच आहे. घोडबंदर रोडवरच्या मोठ्या संकुलांत, पलावासारख्या वसाहतींत बास्केटबॉलची कोर्टं आहेत आणि मुलांना शिकवायला कोच लागतात. मात्र हे कॉलेजच्या कोचचं काम नव्हे. महिन्याची फी भरलेल्या दहा वर्षांच्या मुलाला खेळाची गोडी लावणं वेगळं आणि सतरा वर्षांच्या मुलांचा संघ बांधणं वेगळं.

या दुसऱ्या कामात खरी कसोटी आहे. आपलं अकरावी-बारावीचं ज्युनिअर कॉलेजही दोनच वर्षांचं. एक वर्ष तर मुलांची ओळख होण्यात जातं. दुसऱ्या वर्षी बारावी म्हणून क्लासवाले आणि घरचे मिळून मुलाला मैदानावरून उचलतात. संघ जुळतोय म्हणेपर्यंत निम्मे खेळाडू बाहेर. त्यात आपली बहुतेक कोर्टं उघडी, सिमेंटची. कॉलेजं जूनमध्ये सुरू होतात आणि पावसाळ्यात ओल्या सिमेंटवर पाय घसरतो, घोटा मुरगळतो. स्पर्धा मात्र ऑगस्ट-सप्टेंबरपासून सुरू होतात. अशा वेळी कोच व्हरांड्यात पास आणि पायांच्या हालचाली घोटून घेतो, जिन्यावर तंदुरुस्ती करून घेतो आणि उघडीप मिळाली की पहाटे मुलांना कोर्टावर बोलावतो. हे वाचून तिच्या डोळ्यांत चमक आली, तर माझं मत तिच्या बाजूने धरा. शिवाय मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत बाई असणं गरजेचं असतं. बास्केटबॉल जाणणाऱ्या बाई फार थोड्या आहेत, ही तिच्या जमेची बाजू.

हे काम पदाशिवायही किती मोठं होऊ शकतं, ते पाहायला अमेरिकेला जायची गरज नाही. डोंबिवलीहून लोकलने भायखळ्याला उतरा आणि नागपाड्याला जा. तिथल्या गरीब वस्तीतल्या मुलांना बच्चू खान यांनी बास्केटबॉल शिकवला. भारताचे कर्णधार आणि १९७० चे अर्जुन पुरस्कार विजेते अब्बास मुंतसिर याच नागपाड्याचे. तिथलं पालिकेचं मैदान आज बच्चू खान यांच्या नावाने ओळखलं जातं.

तिने या वर्षी एक काम करावं. स्वतःचा सराव सांभाळून जवळच्या शाळेत चौदा वर्षांखालच्या मुलींना एक हंगाम शिकवावं, पैशांची अपेक्षा न ठेवता. स्वतः खेळण्यापेक्षा एखाद्या मुलीचा ले-अप जमला याचा आनंद तिला जास्त होतो का, हे तुम्हालाही दिसेल. होत असेल, तर टी.वाय.ला असतानाच राज्य सीईटी कक्षाच्या बी.पी.एड. प्रवेश परीक्षेची तारीख पाहून अर्ज भरा. त्या परीक्षेत लेखी पेपरबरोबर मैदानी चाचणीही असते, म्हणून परीक्षेच्या वर्षी अभ्यासाच्या नावाखाली तिचा सराव बंद करू नका.