कुमानोची वाट

जपानच्या सर्वांत मोठ्या बेटाचे नाव होन्शू. या बेटाच्या दक्षिणेला पॅसिफिक महासागरात शिरलेला एक डोंगराळ प्रदेश आहे. त्यास ‘की’ द्वीपकल्प असे म्हणतात. समुद्रावरून येणारे ढग येथील डोंगरांना अडतात आणि मुबलक पाऊस पडतो. त्यामुळे हे डोंगर दाट अरण्यांनी झाकलेले असतात. सरळसोट वाढणारे ‘सुगी’ नावाचे सूचिपर्णी वृक्ष, त्यांच्या बुंध्यांवर चढलेले शेवाळ, दऱ्यांतून उठणारे धुके आणि कोठून तरी ऐकू येणारा झऱ्याचा आवाज, असे तेथील दृश्य असते. याच अरण्यातून दगडी पायऱ्यांच्या जुन्या वाटा चढत-उतरत जातात. हजार वर्षांहून अधिक काळ असंख्य यात्रेकरूंची पावले या पायऱ्यांवर पडली आहेत. याच कुमानोच्या वाटा होत.

कुमानो हे या द्वीपकल्पाच्या दक्षिण भागाचे नाव. तेथे तीन मोठी देवस्थाने आहेत. एक डोंगरांच्या कुशीत वसलेले होंगू, दुसरे नदीच्या मुखाजवळचे हायातामा आणि तिसरे धबधब्याच्या सान्निध्यातील नाची. जपानच्या प्राचीन शिंतो धर्मात देवतेला ‘कामी’ म्हणतात. कामीचा वास पर्वतात, खडकात, वृक्षात व पाण्यात असतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. नाचीचा धबधबा १३३ मीटर उंचीवरून एका झेपेत खाली कोसळतो. त्याच्या माथ्यावर एक जाडजूड पवित्र दोर बांधलेला असतो. हा धबधबा म्हणजेच देवता. तेथे वेगळी मूर्ती लागत नाही.

सहाव्या शतकात कोरियामार्गे बौद्ध धर्म जपानात आला. नवा धर्म आला म्हणजे जुन्याशी त्याचा झगडा व्हावा, असे पुष्कळदा घडते. जपानातही आरंभी काही काळ तसा झगडा झाला. परंतु पुढे लोकांनी दोहोंचा मेळ घातला. बुद्ध आणि बोधिसत्त्व हेच या भूमीत कामीच्या रूपाने प्रकट झाले आहेत, असे मानले जाऊ लागले. होंगूची देवता म्हणजे अमिताभ बुद्ध, हायातामाची म्हणजे भैषज्यगुरू बुद्ध आणि नाचीची म्हणजे सहस्रबाहू कान्नोन. हा कान्नोन आपल्याला परका नाही. ‘अवलोकितेश्वर’ हेच त्याचे मूळ नाव. हाती कमळ घेतलेली त्याची करुणामय प्रतिमा अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील भिंतीवर रंगविलेली आहे. नाचीच्या धबधब्याजवळ कान्नोनचे मंदिर आहे. ते भारतातून समुद्रमार्गे वाहत आलेल्या एका साधूने स्थापिले, अशी आख्यायिका तेथे सांगतात. आख्यायिका हा काही इतिहास नव्हे. पण दूरच्या देशातून आलेल्या विचाराची कृतज्ञ आठवण तिच्यात साठवलेली आहे.

कुमानोची यात्रा प्रथम राजघराण्याने गाजविली. इसवी सन ९०७ मध्ये उदा नावाच्या निवृत्त सम्राटाने ही यात्रा केली. पुढे बाराव्या शतकात गो-शिराकावा हा निवृत्त सम्राट तीसहून अधिक वेळा कुमानोला गेला. राजधानी क्योटोहून यात्रा निघे, तेव्हा सरदार, सेवक, भारवाही लोक आणि वाटाडे असा मोठा मेळा बरोबर असे. हे वाटाडे म्हणजे डोंगरात तप करणारे साधू. कोठे थांबावे, कोठे स्नान करावे, कोणती प्रार्थना म्हणावी, हे सर्व ते सांगत; आणि त्यांचा शब्द सम्राटालाही मानावा लागे. वाटेवर ठिकठिकाणी ‘ओजी’ नावाची लहान देवालये होती. ती नव्याण्णव होती असे म्हणत. येथे नव्याण्णव म्हणजे पुष्कळ, एवढाच अर्थ घ्यावयाचा.

इसवी सन १२०१ मध्ये गो-तोबा या निवृत्त सम्राटाबरोबर फुजिवारा नो तेइका हा कवी कुमानोला गेला. त्याने या प्रवासाची दैनंदिनी लिहून ठेवली आहे. तेइकाचे वय तेव्हा चाळिशीच्या घरात होते आणि प्रकृती तोळामासा. हिवाळा तोंडावर आला होता. सम्राटाच्या पुढे धावून मुक्कामाची व्यवस्था पाहावी, रात्री काव्यगायनाच्या बैठकीस हजर राहावे आणि पहाटे पुन्हा वाट धरावी, असा त्याचा क्रम होता. थंडी, गैरसोयीच्या झोपड्या, खोकला आणि थकवा यांच्या तक्रारी त्याने मोकळेपणाने लिहिल्या आहेत. मोठे लोक यात्रेला निघाले म्हणजे त्यांचे पाय दुखत नाहीत, असे थोडेच आहे!

ताकिजिरी या ठिकाणी नदीच्या गार पाण्यात स्नान केल्यावर खऱ्या चढणीस आरंभ होई. येथून होंगू सुमारे ३८ किलोमीटर. दिवसभर चढावे, उतरावे, पुन्हा चढावे. पुढे एक ओजी लागे, तिचे नाव ‘होश्शिनमोन’, म्हणजे बोधीची ओढ जागविणारे द्वार. त्यापुढील आणखी एका ओजीचे नाव ‘फुशिओगामी’, म्हणजे दंडवताची जागा. तेथून खालच्या दरीत होंगूचे स्थान प्रथम दृष्टीस पडे आणि थकलेले यात्रेकरू जमिनीवर लोटांगण घालीत. त्या काळी होंगूचे मंदिर नद्यांच्या संगमावरील ओयुनोहारा नावाच्या वाळवंटात होते. पूल नव्हता. ओतोनाशी नदीच्या पाण्यातून जावे लागे. म्हणून भिजलेल्या गवती जोड्यांनीच यात्रेकरू देवापुढे उभे राहत. सुमारे अकरा दिवस चालून तेइका येथे पोहोचला, तेव्हा त्याला अश्रू आवरले नाहीत. परतीच्या वाटेवर नाचीमागचा घाट ओलांडताना मात्र त्याला मुसळधार पावसाने गाठले आणि तो चिंब भिजला. त्या दिवसाचे हाल शब्दांत सांगता येत नाहीत, अशा आशयाची नोंद या शब्दप्रभूने केली आहे.

राजांमागून सरदार आले, योद्धे आले. नंतर शेतकरी, कारागीर व व्यापारीही येऊ लागले. जवळच्या कोया व ओमिने या पवित्र पर्वतांवर त्या काळी स्त्रियांना मज्जाव होता; कुमानोचे द्वार मात्र त्यांना खुले होते. आजारी व अपंग यांनाही येथे कोणी अडवीत नसे. डोंगरवाटेने चाललेली ही अखंड रांग पाहून लोक तिला ‘मुंग्यांची कुमानोयात्रा’ म्हणू लागले. मुंग्यांच्या रांगेत लहानमोठे कोण, हे दुरून कोणास ओळखू येणार?

या समभावाची एक कथा प्रसिद्ध आहे. इसवी सन १२७४ मध्ये इप्पेन नावाचा एक भिक्षू कुमानोच्या वाटेने चालला होता. भेटेल त्याला तो अमिताभ बुद्धाच्या नामाची चिठ्ठी देई. वाटेत त्याला दुसरा एक भिक्षू भेटला. तो म्हणाला, “महाराज, माझ्या मनात अजून श्रद्धा उत्पन्न झालेली नाही. ही चिठ्ठी मी घेतली, तर ते असत्य ठरेल.” इप्पेन निरुत्तर झाला. भोवती माणसे जमली होती. कसाबसा आग्रह करून त्याने ती चिठ्ठी त्याच्या हाती दिली. पण त्याचे मन अस्वस्थ झाले. आपण केले ते योग्य की अयोग्य? होंगूला जाऊन त्याने रात्री प्रार्थना केली. तेव्हा तेथील देवता शुभ्रकेशी तपस्व्याच्या रूपाने प्रकट झाली आणि म्हणाली, “कोणाची श्रद्धा आहे, कोणाची नाही, कोण शुद्ध, कोण अशुद्ध, हे पाहत बसू नकोस. सर्वांना वाटीत जा.” इप्पेनने उरलेले आयुष्य चालत चालत याच कार्यात घालविले, असे सांगतात.

जे शतकानुशतके वाढते, ते थोड्या वर्षांत नष्टही होऊ शकते. इसवी सन १८६८ मध्ये जपानच्या नव्या सरकारने शिंतो आणि बौद्ध धर्म वेगळे करण्याचा हुकूम काढला. एकाच अंगणात नांदणारी दैवते वेगळी केली गेली. नाचीचे कान्नोनमंदिर ओस पडले. १८७४ मध्ये ते सेइगांतो-जी या नावाने पुन्हा उभे राहिले. १८८९ च्या ऑगस्ट महिन्यात प्रचंड महापूर आला आणि होंगूच्या वाळवंटातील बहुतेक इमारती वाहून गेल्या. जी मंदिरे वाचली, ती १८९१ मध्ये उंच जागेवर हलविण्यात आली. ती आजही तेथेच आहेत.

तिसरे संकट ना पाण्याचे होते, ना अग्नीचे. ते कागदावरून आले. १९०६ च्या अखेरीस सरकारने लहान लहान देवालये एकत्र करण्याचे धोरण आखले. एका गावाला एक देवालय पुरे, असा त्याचा मथितार्थ. कुमानोच्या मुलखात हे धोरण मोठ्या उत्साहाने अमलात आले. अनेक ओजी बंद झाल्या. देवालय गेले की त्याच्या भोवतालची राखलेली झाडी तोडून विकता येत असे आणि त्या लाकडाला चांगली किंमत होती.

त्या वेळी तानाबे या गावी मिनाकाता कुमागुसु नावाचा एक विद्वान राहत होता. त्याचा जन्म १८६७ चा. अनेक वर्षे अमेरिकेत व लंडनमध्ये राहून त्याने निसर्गशास्त्राचा अभ्यास केला होता. ओल्या पालापाचोळ्यावर वाढणाऱ्या बुळबुळीत सूक्ष्म जीवांचे संशोधन हा त्याचा आवडता विषय. हे जीव गोळा करीत तो कुमानोच्या रानावनांत हिंडे. झाडे तुटू लागली, तेव्हा त्याने लेखणी उचलली. देवालय मोडले तर राई तुटेल; राई तुटली तर पक्षी जातील; पक्षी गेले तर किडी वाढतील आणि शेतकऱ्याच्या पिकाचा नाश होईल, असे त्याने कारणपरंपरेने मांडले. गावकऱ्यांची एकत्र येण्याची जागाच नाहीशी झाली, तर त्यांच्या मनांतील जिव्हाळाही सुकेल, असेही त्याने बजावले. वृक्ष, प्राणी आणि माणूस हे एकमेकांवर अवलंबून असतात, हे सांगणारे ‘इकॉलॉजी’ हे शास्त्र तेव्हा नवे होते. त्याचा आधार घेणाऱ्या पहिल्या काही जपानी विद्वानांत कुमागुसुची गणना होते.

तो स्वभावाने तापट होता. १९१० मध्ये या धोरणाचा पुरस्कार करणारा एक अधिकारी तानाबेच्या सभेस आला. त्याला भेटू देईनात, तेव्हा कुमागुसु बळेच आत घुसला आणि त्याने गोंधळ केला. त्याबद्दल त्याला अठरा दिवस कोठडीत राहावे लागले. त्याचे हे वर्तन सर्वस्वी योग्य होते, असे म्हणता येणार नाही. मात्र बाहेर आल्यावर त्याने पत्रे व लेख यांचा वर्षाव चालूच ठेवला. यानागिता कुनिओ या लोकसाहित्याच्या अभ्यासकाने १९११ मध्ये त्याची दोन पत्रे छापून प्रतिष्ठित लोकांत वाटली. हळूहळू लोकमत जागे झाले. सर्व काही वाचले नाही. परंतु नोनाका गावच्या ओजीजवळचे काही प्रचंड सुगी वृक्ष वाचले. त्यांच्या फांद्या एकाच दिशेला, दक्षिणेकडे, पसरलेल्या आहेत. जणू नाचीच्या धबधब्याकडे हात करूनच ते उभे आहेत. १९२९ मध्ये जपानचे सम्राट या भागात आले, तेव्हा त्यांनी कुमागुसुकडून त्याच्या संशोधनाची माहिती ऐकली. कुमागुसुने आपले नमुने सम्राटांना भेट दिले, तेही मिठाईच्या साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून!

२००४ मध्ये की पर्वतातील पवित्र स्थळे व यात्रामार्ग यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. आता देशोदेशींचे लोक येथे चालावयास येतात. पण पाऊस आणि पावले या दोहोंनी वाटेची माती झिजते, मुळे उघडी पडतात. म्हणून विद्यार्थी, नोकरदार व गावकरी यांचे गट मातीच्या पिशव्या खांद्यावर घेऊन डोंगर चढतात, माती वाटेवर पसरतात आणि ठोकून घट्ट बसवितात. पूर्वीचे यात्रेकरू देवाकडे मागणे घेऊन जात. हे यात्रेकरू वाटेसाठी मूठभर माती घेऊन जातात.

वाट एकदा कोरून झाली म्हणजे कायमची झाली, असे नाही. तिच्यावरून चालणारा प्रत्येक जण तिची थोडी झीज करतो. म्हणून तिची थोडी डागडुजी करणे, हेही त्या प्रत्येकाचे कर्तव्य ठरते. कुमानोची वाट हजार वर्षे टिकली, ती अशा माणसांच्या जोरावर.

स्वाध्याय

१. ‘मुंग्यांची कुमानोयात्रा’ हे नाव का पडले असावे?
२. इप्पेनचे मन अस्वस्थ होण्याचे कारण काय? त्या दुसऱ्या भिक्षूच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते?
३. देवालय मोडल्यास शेतकऱ्याचे नुकसान होईल, हे कुमागुसुने कसे पटवून दिले ते क्रमाने लिहा.
४. ‘तिसरे संकट कागदावरून आले’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. वाक्यात उपयोग करा : मज्जाव असणे, निरुत्तर होणे, ओस पडणे, अमलात येणे.
६. तुमच्या गावातील एखादी जुनी वाट, राई किंवा पाणवठा यांची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा. ते राखण्यासाठी वर्गातील सर्वांना मिळून काय करता येईल, तेही लिहा.