‘आढळले नाही’ लिहिण्याआधी

आमच्या नागरा गावच्या बांधीत धानावर करपा दिसला की ट्रायसायक्लॅझोल या बुरशीनाशकाची फवारणी होते. त्यामुळे आमच्या भागातला तांदूळ तपासायला आला की मी आधी तेच औषध शोधतो. 2017मध्ये युरोपीय संघाने तांदळातली त्याची मर्यादा किलोमागे 1 मिलिग्रॅमवरून 0.01 मिलिग्रॅमवर आणली. म्हणजे 5 ग्रॅम तांदळात जेमतेम 50 नॅनोग्रॅम. एलसी-एमएस यंत्राला ते दिसायलाच हवं.

मी पूर्वी होतो त्या प्रयोगशाळेतून अशाच एका नमुन्याचा ‘आढळले नाही’ असा अहवाल गेला. दुसऱ्या प्रयोगशाळेत त्याच तांदळात औषध निघालं आणि गिरणीवाल्याचा माल अडकला. सिग्नल कमी पडतो म्हणून आमच्याकडे इंजेक्शन 5 मायक्रोलिटरवरून 20वर नेलेलं होतं. औषध चौपट आत गेलं खरं, पण तांदळातली मेदाम्लंही चौपट गेली. यंत्राच्या इलेक्ट्रोस्प्रे सोर्समध्ये ही दोन्ही एकाच वेळी पोचली की विद्युतभारासाठी चढाओढ होते आणि औषधाचं शिखर दबतं. अर्क पाण्याने दहापट पातळ केला, तेव्हा शिखर दहापट घटायला हवं होतं. प्रत्यक्षात ते फारच थोडं उतरलं. शिखर किती दबलं होतं, ते तिथेच कळलं.

म्हणून नव्या मुलांना सांगतो, यंत्राला हात लावण्याआधी नमुना बघा. कोरडं पीठ पाण्यात नीट भिजू द्या, मगच अ‍ॅसिटोनायट्राइल घाला. तांदळाचा अर्क साफ करायला काळ्या कार्बनची गरज सहसा नसते; उलट ट्रायसायक्लॅझोलसारखे चपटे रेणू तो धरून ठेवतो. पीएसए आणि सी-18 ही शोषकं पुरतात. कॅलिब्रेशन नुसत्या द्रावकात करू नका, औषधमुक्त तांदळाच्या अर्कात करा. माझ्या मते निम्मी भांडणं एवढ्यानेच मिटतील. धावेच्या सुरुवातीचा आणि शेवटचा प्रवाह व्हॉल्व्हने बाहेर वळवा, म्हणजे सोर्स लवकर मळणार नाही. दर तुकडीत ठरावीक औषध घातलेला एक नमुना चालवा. 70 ते 120 टक्के परत मिळालं नाही, तर त्या तुकडीचा अहवाल थांबवा.

आणि गिरणीवाल्या भावांनो, अहवालावर ‘आढळले नाही’ असेल, तर किती मर्यादेपर्यंत शोधलं तो आकडा शेजारी छापलाय का पाहा. नसेल, तर तो मागून घ्या.