फळी झिजेल, ट्रक टिकायला हवा

बाय, दहावीचा निकाल लागला आणि बाबांनी स्केटबोर्डाला होकार दिला, हे आईकडून कळलं. तुझ्याइतकाच आनंद मला झालाय. म्हणूनच तू ऑर्डर टाकायच्या आधी चार गोष्टी निवांत सांगते. बाबा एकदाच पैसे देणार आहेत, दरवर्षी नाही. तेव्हा घेशील तो बोर्ड टिकला पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे मुंबई-पुण्याच्या मुलांचे व्हिडिओ बघून सामान निवडू नकोस. त्यांच्या पायाखाली स्केटपार्कचं घोटून गुळगुळीत केलेलं काँक्रीट असतं. आपल्या गावात, सावर्ड्यात, तुझ्या पायाखाली काय असणार आहे ते बघ. वाडीचा डांबरी रस्ता, त्यातून वर आलेली खडी, कडेला जांभ्याची लाल माती. घरासमोरच्या सारवलेल्या अंगणात तर चाक फिरणारच नाही. चांगला कोबा मिळेल तो शाळेच्या आवारात किंवा एखाद्या सभागृहासमोर, तोही परवानगी काढून. मुंबई-गोवा महामार्गाचं काँक्रीट कितीही मोहात पाडत असलं तरी तिकडे बोर्ड न्यायचा नाही. पहाटे रस्ता मोकळा असला तरी नाही. हे मी आईच्या वतीनं नाही, माझ्या वतीनं सांगतेय.

आता बोर्डाबद्दल. फळी, ट्रक, चाकं आणि बेअरिंग हे त्याचे मुख्य भाग, आणि सगळ्यांचं आयुष्य सारखं नसतं. फळी झिजायचीच. कठड्यावर घासली जाते, शेपटीकडून, म्हणजे मागच्या टोकाकडून, सोलली जाते, एखाद्या दिवशी मधोमध मोडतेही. ट्रक मात्र नीट घेतला तर पाच फळ्या बदलल्या तरी तोच राहतो. दुकानात सगळे फळीवरच्या चित्राला भुलतात आणि ट्रककडे कुणी बघत नाही. तू उलटं कर. पैशाचा मोठा वाटा ट्रक आणि बेअरिंगला दे, फळी साधी घे.

बोर्ड हातात आला की आधी तो उलटा कर. फळीखाली जो धातूचा आडवा भाग दिसतो तो ट्रक. त्याची फळीला टेकणारी बैठक प्लॅस्टिकची असेल तर बोर्ड परत कर. हजार-दीड हजाराला मिळणाऱ्या बहुतेक बोर्डांत तीच गोम असते. ते खेळणं आहे, चार वेळा ऑली, म्हणजे बोर्डासकट उडी, मारलीस की बैठक तडकते. चांगला ट्रक ओतीव ॲल्युमिनियमचा असतो आणि त्यातून पोलादी आस आरपार गेलेला असतो. मधल्या जाड बोल्टला किंगपिन म्हणतात. त्याच्यावर एकाखाली एक दोन बुशिंग ओवलेली असतात, हाताला रबरासारखी लागतात. फळीवर उभं राहून एका बाजूला कल. बुशिंग दबून लगेच जागेवर आली पाहिजेत. कललेलीच राहिली किंवा हललीच नाहीत तर माल हलका आहे. आणि ट्रकची रुंदी फळीइतकीच हवी. फळी ८ इंची असेल तर आसही ८ इंचांच्या आसपास. आस आखूड पडला तर बोर्ड डगमगतो, लांब पडला तर पाय चाकाला लागतो. इंडिपेंडंट ही कंपनी १९७८ पासून हेच ट्रक बनवतेय. परवडले तर घे, नाहीतर दुसऱ्या चांगल्या कंपनीचे घे. पण धातू सोडून दुसरं काही नको.

भक्कमपणाचा हा आग्रह फक्त स्केटबोर्डापुरता नाही. युरोप-अमेरिकेत काही मुलं पायात स्की, म्हणजे बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या, बांधून शहरातल्या जिन्यांच्या लोखंडी रेलवरून घसरतात. तीसुद्धा स्की घेताना वजनाने हलकी कुठली ते आधी विचारत नाहीत. कडेची पोलादी पट्टी किती जाड आहे आणि बाजू किती भक्कम आहे, ते विचारतात. घासून चालवायची वस्तू असेल तर आधी तिची कड बघायची.

फळीचंही तसंच, ती बाजूने बघ. सात पातळ थर दिसायला हवेत. लाकूड मेपलचं असावं, उत्तर अमेरिकेतल्या मेपलचं मिळालं तर फारच उत्तम, कारण ते कठीणही असतं आणि लवतंही. साधारण पाच थर लांबीच्या दिशेने आणि दोन आडवे, अशी मांडणी असते. त्या आडव्या थरांमुळे फळी पिळत नाही. थर मोजता येत नसतील, कडेवर नुसता रंग फासलेला असेल, तर त्या रंगाखाली काय आहे ते विचार.

चाकांचं सांगते, कारण आपल्या गावात खरा घोटाळा तिथेच होतो. चाकावर दोन आकडे छापलेले असतात. एक व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसरा कडकपणा, पुढे 'ए' अक्षर असलेला. पार्कात खेळणारे ५२ ते ५४ मिलिमीटरचं, ९९ए किंवा १०१ए कडकपणाचं चाक घेतात. ते गुळगुळीत काँक्रीटवर छान घसरतं. तेच चाक आपल्या खडीवर आणलंस तर दात वाजतील, आणि एखाद्या खड्याला चाक अडलं की बोर्ड मागे आणि तू पुढे. फार पूर्वी स्केटबोर्डांना क्लेची चाकं असत. तेव्हा बारीकसा खडाही माणसाला तोंडावर पाडायचा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्रँक नॅसवर्दी याने पॉलियुरेथेनची चाकं आणली आणि मागे पडलेला हा खेळ पुन्हा उभा राहिला, इतका फरक चाकाने पडतो. तू ५६ मिलिमीटरच्या आसपासचं, ९० ते ९५ए मधलं चाक बघ. रस्त्यावर सोसेल आणि कोब्यावर थोडं घसरेलही. नुसतं बाजारात ये-जा करायची असती तर ७८ए चं मऊ चाक सांगितलं असतं, पण त्याच्यावर घसरायच्या युक्त्या जमत नाहीत. पुढेमागे पैसे साठले तर कोब्यासाठी कडक चाकांचा दुसरा संच घे. चाकं बदलायला पाना आणि दहा मिनिटं लागतात.

बेअरिंगचा नंबर ६०८. आत ८ मिलिमीटर, बाहेरून २२, जाडी ७. हे माप ठरलेलं असतं, त्यामुळे अडीनडीला चिपळूणच्या बेअरिंगच्या दुकानातही मिळेल. डब्यावर एबेकचा आकडा मोठ्ठा छापतात, त्याच्या मागे लागू नकोस. तो आकडा घडणीचा बारकावा सांगतो. उड्या मारून आदळलेलं बेअरिंग किती दिवस टिकेल, हे तो सांगत नाही. आपल्याकडे बेअरिंग मरतं ते पाण्याने आणि लाल मातीने. बाजूची झाकणी निघणारी असेल असं बेअरिंग घे, म्हणजे धुता येईल. धुऊन पूर्ण सुकलं की शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. खोबरेल तेल अजिबात नको. ते थंडीत गोठतं आणि एरवी धूळ धरून ठेवतं.

आणि पाऊस! बाय, हे नीट ऐक. आपल्या भागात जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. फळीचे थर डिंकाने चिकटवलेले असतात. पाणी प्यायलेली फळी आधी फुगते, मग कडेला थर सुटतात, आणि ऑली मारताना तिच्यात जोरच उरत नाही. फळी निरोगी आहे का, ते आवाजावरून कळतं. शेपूट कोब्यावर आपट. टणक 'टक्' आवाज आला तर ठीक. 'थप्प' असा मेलेला आवाज आला तर ओल आत गेली आहे. म्हणून मृग लागला की बोर्ड ओटीवर उभा करून ठेवू नकोस, पडवीत तर नाहीच. माळ्यावर ठेव, चुलीच्या उबेपासूनही लांब, कारण फार शेकली तरी फळी वाकते. पावसात सराव करायचाच असेल तर माजघरात सतरंजीवर नुसतं उभं राहणं, वळणं, उडी मारून दोन्ही ट्रकच्या बोल्टांवर पाय टेकवणं, एवढं कर. हा शेवटचा सराव फळीचं आयुष्य वाढवतो. दोन्ही पाय बोल्टांवर पडले तर भार ट्रकवर जातो. मधे पडले तर फळी मोडते. बोल्टांच्या भोवती केसासारखी चीर दिसली की त्या फळीवर मोठी उडी बंद. थांबायला शेपूट जमिनीवर घासायची सवयही लावून घेऊ नकोस. शेपूट सुरीच्या पात्यासारखी होते आणि नडगी कापते.

कडेवर ट्रक घासून सरकायला जागा कुठे, हा तुझा पुढचा प्रश्न असेल. जांभ्याच्या कठड्यावर ट्रक सरकत नाही. दगड भुसभुशीत असतो, कड ढासळते आणि बोर्ड जागीच थांबतो. देवळाच्या पायऱ्या, शाळेचा कठडा, एसटीच्या थांब्याचा बाक यांना हात लावायचा नाही. ते सगळ्यांचं आहे, आणि एकदा गावाने नावं ठेवली की तुझ्या मागून येणाऱ्या मुलींचीही वाट बंद होईल. त्यापेक्षा जाड प्लायवूडचा फूटभर उंचीचा खोका करून घे आणि त्याच्या एका कडेला लोखंडी अँगल ठोकून घे. गावातला कुठलाही फॅब्रिकेशनवाला करून देईल. अँगलवर मेणबत्ती घासलीस की ट्रक लोण्यासारखा सरकतो. पावसाळ्याआधी त्या लोखंडाला रंगाचा हात दे.

हेल्मेट मात्र बोर्डाच्या आधी घ्यायचं. आत ईएन १०७८ किंवा एएसटीएम एफ १४९२ असं छापलेलं बघ. मोटरसायकलचं नको आणि क्रिकेटचंही नको. जोराचा मार बसला की बाहेरून चांगलं दिसलं तरी ते बदलायचं. मनगटाचे गार्ड घे, कारण नवशिका पडताना हात पुढे टाकतो आणि मनगटच जातं. डेरवणचं वालावलकर रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे हे खरं, पण त्यावर विसंबून कुणी पडायचं नसतं.

लोक बोलतील. घोडी झाली तरी फळीवर नाचते, असं कुणीतरी म्हणेलच. बोलू दे. पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डिंगचं सुवर्णपदक महाराष्ट्राला आणलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला तेव्हा महिलांच्या स्ट्रीट प्रकारात जिंकलेली मोमिजी निशिया १३ वर्षांची होती, आणि २०२४ मध्ये पॅरिसला जिंकलेली कोको योशिझावा १४ वर्षांची. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचं खेडं आहे, तिथे २०१५ मध्ये स्केटपार्क बांधला. तिथले दोन नियम मला फार आवडतात: शाळेत गेल्याशिवाय बोर्ड नाही, आणि मुलींचा नंबर आधी. बाबांना ही गोष्ट जेवताना सांग. अकरावीच्या अभ्यासाचा विषय निघाला की तुझीच बाजू बळकट होईल.

ऑर्डर टाकण्याआधी विकणाऱ्याला फोन करून तीन गोष्टी विचार: ट्रकची बैठक कशाची आहे, आस किती इंची आहे, चाकाचा 'ए' आकडा किती. उत्तर देताना तो अडखळला तर दुसरं दुकान बघ. हेल्मेट आणि मनगटाच्या गार्डचे पैसे मी पाठवते, ते बाबांकडे मागू नकोस.