शैक्षणिक कर्जाची मुदतवाढ आणि अडून बसलेला धनको

वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेतून सावंगी आणि सेवाग्राम दोन्ही जवळ आहेत. वैद्यकीय, परिचर्या व अभियांत्रिकी शिक्षणाची दारे डोळ्यांसमोर दिसत असताना आपल्या घरातील मुला-मुलींनी ती ठोठावावीत, हे स्वाभाविक आहे. शुल्क भरण्यासाठी अनेक कुटुंबे कर्ज काढतात. पदवी हाती येते, नोकरी येत नाही आणि हप्त्याची तारीख मात्र येते. मग जुम्याच्या नमाजनंतर एखादा पिता हळूच विचारतो, "मौलाना, बँक मुदत देत नाही. आता काय करावे?"

व्याजी कर्ज मुळात घ्यावे की नाही, हा या लेखाचा विषय नाही. व्याजाची मनाई स्पष्ट आहे आणि पर्याय असताना तिकडे वळू नये. महाराष्ट्रात मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज योजना आहे; ठिकठिकाणच्या बैतुलमालांकडेही विचारणा करावी. परंतु ज्याच्या मानेवर कर्ज आधीच आहे, त्याला आज शरियतचे मार्गदर्शन हवे आहे.

सूरह अल-बकराच्या 280 व्या आयतीत अल्लाहचा आदेश असा आहे की, ऋणको तंगीत असेल तर सुबत्ता येईपर्यंत त्याला मुदत द्यावी, आणि कर्ज माफ केले तर ते अधिक चांगले. ही आयत आपल्याला पाठ असते. अडचण अशी की ती आपण फक्त धनकोला ऐकवतो. तंगी म्हणजे खरी तंगी, गैरसोय नव्हे. ऐपत असूनही देणे लांबवणे हा जुलूम आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आले आहे. घरात नवी मोटारसायकल येते, लग्नात मंडप सजतो आणि बँकेला मात्र "परिस्थिती नाही" असे कळवले जाते. अशा माणसाने या आयतीचा आधार घेऊ नये.

आता दुसरी बाजू पाहू. ह. जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांचे वडील उहुदच्या लढाईत शहीद झाले. मागे मुली होत्या आणि कर्जही होते. बुखारीतील एका कथनानुसार एका यहुदी धनकोचे तीस वसक खजूर देणे होते. जाबिर यांनी मुदत मागितली; त्याने नाकारली. स्वतः प्रेषितांनी (स.) शब्द टाकला, तरीही तो बधला नाही. वाचकहो, येथे क्षणभर थांबा. मदीनेची सत्ता ज्यांच्या हाती होती, त्यांनी त्या धनकोवर ना बळ वापरले, ना त्याला दूषणे दिली. ते जाबिर यांच्या बागेत गेले, खजुरीच्या झाडांमधून फिरले आणि फळे तोडून देणे चुकते करण्यास सांगितले. अल्लाहने बरकत दिली. पूर्ण तीस वसक फेडून सतरा वसक उरले. खुद्द प्रेषितांच्या (स.) तगाद्याला एकदा एक धनको आला आणि कठोर बोलला. सहाबा संतापले, तेव्हा त्याला सोडा, हक्कदाराला बोलण्याचा अधिकार असतो, असे सांगून त्यांनी त्याला त्याच्या उंटापेक्षा चांगला उंट द्यायला लावला. म्हणून शाखेतल्या कर्मचाऱ्याशी भांडून येऊ नका. तो बहुधा नियमाने बांधलेला नोकर असतो.

शांत राहणे म्हणजे गप्प राहणे नव्हे. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, त्याच सूरहची 282 वी, कर्ज आणि त्याची मुदत लिहून ठेवण्याविषयी आहे. तोंडी आश्वासनावर विसंबू नका. हप्ता थकण्यापूर्वीच लेखी अर्ज द्या. त्यात उत्पन्न किती, नोकरीसाठी काय प्रयत्न केले, किती महिने सवलत हवी आणि तूर्त किती भरता येईल, हे लिहा. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. बहुतेक बँकांच्या योजनेत अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यापुढे एक वर्ष हप्ता नसतो, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेत बेरोजगारीचा वा अपुऱ्या रोजगाराचा काळ लक्षात घेऊन कर्जाच्या कालावधीत दोन-तीनदा अशी सवलत देण्याची तरतूद आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. अर्जात तिचा उल्लेख जरूर करा. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादित ठरते. त्यानंतर बोलणी फार अवघड होतात.

शाखेने नकार दिला किंवा उत्तरच दिले नाही, तर बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. 2021 पासून यासाठी देशभर एकच योजना आहे. वसुली प्रतिनिधीने सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर फोन करू नये, धमकावू नये, नातेवाइकांसमोर अपमान करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे 2022 चे निर्देश आहेत. याविरुद्ध तक्रार करणे सब्राच्या विरोधात नाही.

एक गोष्ट मात्र मुदत मागण्यापूर्वीच विचारून घ्या: या मुदतीची किंमत काय? अज्ञानकाळातील अरबस्तानात मुदत संपली की धनको विचारी, फेडतोस की वाढवतोस? कुरआनने नेमका हाच व्यवहार निषिद्ध ठरवला. आजच्या मुदतवाढीत तोच प्रश्न अर्जाच्या बारीक अक्षरांत दडलेला असतो. 2020 च्या टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने 31 ऑगस्टपर्यंत हप्ते लांबवण्याची मुभा दिली, तरी व्याजाची आकारणी चालूच होती. त्या काळासाठी व्याजावर व्याज घेता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला 23 मार्च 2021 रोजी सांगावे लागले. म्हणून शक्य तितकी लहान मुदत मागा. सवलतीच्या काळातही हजार-पाचशे जमतील तसे भरत राहा, म्हणजे रक्कम फुगणार नाही. पैसे हाती येताच मुदतीची वाट न पाहता कर्ज मिटवा.

आणि मुलांनो, कागदावर तुमच्या वडिलांचीही सही आहे. कफालतच्या नियमानुसार धनको जामिनाकडेही मागू शकतो. बँकेचे पत्र लपवू नका. ते आधी अब्बांना दाखवा आणि अर्ज दोघांच्या सहीने द्या.