मोटारीतले दोन व्होल्ट कोठे गेले?

एखादी मोटार चालता चालता आचके देऊ लागते. चालकासमोरच्या फलकावर इंजिनाचे चित्र असलेला पिवळा दिवा लागतो. मेकॅनिक आपले तपासणी-यंत्र गाडीला जोडतो, तेव्हा त्यावर 'पी ०५६२' असा संकेतांक उमटतो. त्याचा अर्थ 'विद्युतदाब कमी आहे' असा होतो. ही तक्रार करणारा असतो गाडीतील नियंत्रक, म्हणजे इंजिनाला इंधन किती द्यायचे हे ठरवणारा छोटा संगणक. गॅरेजमध्ये त्याला ईसीएम म्हणतात.

आता मेकॅनिक इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना व्होल्टमीटर लावतो. आकडा येतो १४ व्होल्ट, अगदी हवा तेवढा! अशा वेळी 'ईसीएमच गेला' असा निर्णय पुष्कळदा दिला जातो. नवा ईसीएम महाग असतो. आणि तो बसवूनही काही दिवसांनी तोच दिवा पुन्हा लागतो.

मग खोटे कोण बोलते, बॅटरी की नियंत्रक? मित्रांनो, दोघेही खरेच बोलतात. दोघांच्या मध्ये काहीतरी घडते आहे.

मोटारीच्या वायरिंगची एक गंमत लक्षात घ्या. बॅटरीच्या धन टोकापासून प्रत्येक उपकरणापर्यंत तार जाते. परतीचा मार्ग मात्र बहुतेक ठिकाणी गाडीचा पोलादी सांगाडाच असतो. नियंत्रकाची परतीची तार एका बोल्टने सांगाड्याला घट्ट केलेली असते. मेकॅनिक तिला 'अर्थ' म्हणतात, जरी तिचा जमिनीशी काहीही संबंध नसला तरी! पावसाळ्यात या बोल्टखाली पाणी शिरते, गंज चढतो आणि तेथे रोध निर्माण होतो.

समजा, हा रोध ०.५ ओहम आहे आणि नियंत्रक व त्याच्याशी जोडलेली उपकरणे मिळून ४ अँपिअर प्रवाह घेतात. ओहमच्या नियमाप्रमाणे त्या बोल्टपाशी ४ × ०.५ = २ व्होल्ट खर्ची पडतात. बॅटरीपाशी १४ व्होल्ट आहेत, पण नियंत्रकाच्या वाट्याला १२च येतात. हरवलेल्या दोन व्होल्टांची त्या सांध्यात उष्णता होते: ८ वॅट. कधी कधी असा सांधा हाताला गरम लागतो.

नियंत्रक सगळी मापे आपल्या परतीच्या तारेला शून्य मानून घेतो. ते शून्यच दोन व्होल्टांनी वर उचलले गेले आहे, हे त्याला कसे कळणार? समुद्रसपाटीच वर सरकली तर सर्व डोंगरांच्या उंचीचे आकडे चुकतील, तसाच हा प्रकार आहे.

रात्री दिवे लावले आणि त्यांचाही परतीचा प्रवाह याच बोल्टवरून जात असला, तर एकूण प्रवाह ८ अँपिअर होईल आणि ४ व्होल्ट हरवतील. नियंत्रकाला उरतात १०. म्हणूनच रात्री पावसात अडलेली गाडी सकाळी गॅरेजमध्ये शहाण्यासारखी चालते.

आता दोष शोधायचा कसा? इंजिन बंद करून, नियंत्रकाचा जोड काढून, त्या जोडावर दाब मोजला तर मीटर बॅटरीचे पूर्ण १२.६ व्होल्ट दाखवील. कारण चांगल्या अंकीय व्होल्टमीटरचा रोध सुमारे १ कोटी ओहम असतो. त्यातून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही; मग गंजलेल्या सांध्यात दाब कशाने कमी व्हावा? ओहमचा नियम परीक्षेत सर्वांना येतो. पण प्रवाह शून्य असेल तर रोधाच्या टोकांमधील दाबाचा फरकही शून्य, ही त्याचीच दुसरी बाजू फार थोड्यांच्या ध्यानात राहते.

म्हणून नियंत्रक जोडलेला, इंजिन चालू आणि दिवेही लावलेले अशा स्थितीत मोजायचे. मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरी नियंत्रकाच्या परतीच्या तारेवर ठेवायची. एका व्होल्टाच्या दहाव्या भागाच्या आसपास फरक चालेल. दोन व्होल्ट आले तर चोर याच बाजूला आहे. मग सळई टप्प्याटप्प्याने बॅटरीकडे सरकवायची. ज्या सांध्याच्या अलीकडे व पलीकडे आकडा एकदम बदलतो, तोच दोषी. धन बाजूला फ्यूज व रिले यांचीही तपासणी अशीच करतात.

दुरुस्ती स्वस्त आहे. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवायची. धन तार आधी सोडवताना पाना सांगाड्याला टेकला तर शॉर्टसर्किट होऊन मोठी ठिणगी उडते. मग बोल्ट काढून गंज आणि रंग पॉलिशपेपरने घासून लखलखीत धातू उघडा करायचा, बोल्ट आवळायचा आणि वरून व्हॅसलीन लावायचे. शेवटी पुन्हा तेच माप घ्यायचे. हे माप न घेता संकेतांक पुसून गाडी परत देणे म्हणजे थर्मामीटर झटकून ताप उतरला म्हणणे होय.

हे सगळे तुम्हाला शाळेत दोन टॉर्चच्या सेलवर पाहता येईल. सेल, तंतूचा छोटा बल्ब (एलईडी नको) आणि दोन्ही टोके तासलेली पेन्सिल एकसरीत जोडा. पेन्सिलीतले शिसे म्हणजे आपला गंजलेला बोल्ट. प्रथम बल्ब काढून त्याच्या होल्डरवर दाब मोजा: सुमारे ३ व्होल्ट. आता बल्ब बसवून तोच दाब मोजा, मग पेन्सिलीच्या दोन टोकांमधला मोजा. दोन्ही आकड्यांची बेरीज करा आणि सेलच्या टोकांवरच्या आकड्याशी ताडून पाहा. मोटारीच्या बॅटरीवर किंवा घरातल्या विजेवर मात्र हा प्रयोग मुळीच करू नका.

एक प्रश्न तुमच्यासाठी. गाडी सुरू करताना सेल्फ १५० अँपिअर प्रवाह घेतो आणि बॅटरीच्या टर्मिनलवरील सांध्याचा रोध केवळ ०.०१ ओहम आहे. किती व्होल्ट हरवतील? आणि साध्या ओहममीटरला हा रोध सापडेल का? त्याच्या सळयांच्या तारांचाच रोध याच्या कित्येक पट असतो, हे लक्षात घेऊन उत्तर द्या.