पंपाच्या मोटरीची शक्ती दोन वॅटमीटरांनी कशी मोजावी

विहिरीवर पाच अश्वशक्तीचा पंप चालू आहे. मोटर नेहमीसारखीच घुमते, परंतु पाटात पाणी निम्मेही येत नाही. अशा वेळी वायरमन टाँग टेस्टर एका तारेभोवती धरतो, ४.२ अँपिअर पाहतो आणि मोटर पूर्ण भारास ७.५ अँपिअर घेते म्हणून ‘ती निम्म्याहून अधिक भाराने चालत आहे, दोष मोटरीतच असावा’ असे सांगतो. मोटर उतरवून दुरुस्तीस पाठविली जाते, आठवडा जातो आणि पिकाची पाण्याची पाळी चुकते. वस्तुतः या मोजणीवरून तसा निष्कर्ष निघत नाही.

प्रवाह आणि शक्ती या दोन निराळ्या गोष्टी होत. मोटरीत जाणाऱ्या प्रवाहाचा एक भाग तिच्यातील चुंबकत्व टिकविण्यात गुंतलेला असतो. त्याने पाणी उपसले जात नाही. काम करणारा भाग किती, हे पॉवर फॅक्टरवरून कळते. पूर्ण भारावर तो ०.८ च्या आसपास असतो. भार कमी झाला की तो झपाट्याने उतरतो, अँपिअर मात्र त्या मानाने उतरत नाहीत. म्हणून खरी शक्ती पाहावयाची असल्यास वॅटमीटर लावणे अवश्य आहे.

तीन फेज म्हणजे तीन वॅटमीटर, असे कोणासही वाटेल. परंतु पंपाच्या मोटरीस तीनच तारा जातात, न्यूट्रल जात नाही. जितक्या तारा, त्याहून एक कमी इतके वॅटमीटर पुरतात, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ आंद्रे ब्लोंदेल यांनी १८९३ मध्ये शिकागो येथील विद्युत् परिषदेत मांडला. दोन तारांतून गेलेला प्रवाह तिसरीतूनच परतावा लागतो, त्यामुळे तिसरीचा हिशेब पहिल्या दोहोंत आपोआप येतो. मोटरीची जोडणी स्टार असो की डेल्टा, तिन्ही फेज समान असोत की कमीजास्त, बेरीज खरीच येते. न्यूट्रलमधूनही प्रवाह जात असेल तर मात्र तीन मीटर लागतात.

जोडणी परवानाधारक वायरमनने, मेन स्विच बंद करून व फ्यूज काढूनच करावी. एका वॅटमीटरचे प्रवाहाचे कुंडल लाल तारेत व दुसऱ्याचे निळ्या तारेत घालावे. दोन्हींच्या दाबाच्या कुंडलांचे एक टोक आपापल्या तारेस आणि दुसरे टोक पिवळ्या तारेस जोडावे. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह घेते. तेवढा वेळ प्रवाहाच्या कुंडलास बाहेरून स्विच लावून वाट करून द्यावी, नाहीतर कुंडल जळते. काटा पट्टीच्या आत आहे म्हणून कुंडल सुरक्षित आहे, असेही समजू नये. पॉवर फॅक्टर कमी असता काटा थोडाच चढतो, पण प्रवाह मर्यादेपलीकडे गेलेला असू शकतो.

आता उदाहरण पाहू. दाब ४०० व्होल्ट व प्रवाह ७.५ अँपिअर असता एक मीटर २९८० आणि दुसरा ११८० वॅट दाखवितो; बेरीज ४१६० वॅट. पाच अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३७३० वॅट, पण ते मोटरीच्या दांड्यावर मिळणारे काम होय. लोखंड-तांब्यातील तूट भरून काढण्यासाठी मोटर तारेतून त्याहून अधिक घेते. ही मोटर ठीक चालत आहे.

आता आरंभीचा पंप घ्या. तेथे ४.२ अँपिअरला एक मीटर १२४० दाखवितो आणि दुसऱ्याचा काटा शून्याच्या मागे जातो. स्विच बंद करून त्याच्या प्रवाहाच्या कुंडलाची टोके उलटी केली असता तो ३६५ वर येतो. येथेच बहुतेकांची चूक होते. उलट करून घेतलेले रीडिंग वजा धरावयाचे असते. १२४० मधून ३६५ गेले म्हणजे ८७५ वॅट उरले, पहिल्या मोटरीच्या जेमतेम पंचमांश. मिळवणी केली तर १६०५ येतात, आणि वायरमनचा चुकीचा अंदाज खरा वाटू लागतो! ८७५ वॅटचा अर्थ असा की पंपावर भारच नाही. सक्शन नळाच्या सांध्यातून हवा शिरते काय, फूटव्हॉल्व्ह पाण्याबाहेर उघडा पडला आहे काय, पंख्याची चावी सुटली आहे काय, हे प्रथम पाहावे. मोटर उघडण्याचे कारण नाही.

काटा मागे गेला तो खरोखर वजा आहे, की जोडणीच चुकली आहे? कमी रीडिंगच्या मीटरचा काटा पुढे येईल अशी जोडणी ठेवावी. मग मेन स्विच बंद करून त्याच्या दाबकुंडलाचे पिवळ्या तारेवरचे टोक काढावे, दुसऱ्या मीटरच्या तारेस लावावे व मोटर पुन्हा चालवावी. काटा पुढेच राहिला तर ते रीडिंग अधिक धरावे, मागे गेला तर वजा. हल्लीचे अंकी मीटर वजा चिन्ह स्वतः दाखवितात, पण त्यांचा चिमटा उलट्या दिशेने बसविला तर तेही फसतात.

दोन रीडिंगांवरून पॉवर फॅक्टरही ओळखता येतो. दोन्ही सारखी असली तर तो १. एक दुसऱ्याच्या दुप्पट असले तर सुमारे ०.८७, एक शून्य असले तर ०.५, आणि वजा आले तर त्याहूनही कमी. हे तिन्ही फेज समान असतानाच लागू पडते. एक फेज गेल्यावर कपॅसिटर लावून मोटर चालविणाऱ्यांनी हा आडाखा वापरू नये.

वॅटमीटर जवळ नसेल तर विजेच्या मीटरवरून ढोबळ अंदाज येतो. मीटरवर एका युनिटास दिव्याच्या किती लुकलुकी होतात तो आकडा छापलेला असतो. तो १६०० असून २० लुकलुकींना १०.८ सेकंद लागले, तर २० ला ३६०० ने गुणून १६०० व १०.८ यांच्या गुणाकाराने भागावे, सुमारे ४.१७ किलोवॅट येतात. मोजताना त्या मीटरवरील घरचे दिवे व अन्य यंत्रे बंद ठेवावीत. मोटरीस पॉवर फॅक्टर सुधारण्याचा कपॅसिटर लावलेला असल्यास वॅटमध्ये फारसा फरक पडत नाही, पण मोटरीचा स्वतःचा पॉवर फॅक्टर पाहावयाचा असेल तर तो आधी सोडवावा आणि त्याच्या टोकांस हात लावण्यापूर्वी त्यातील साठलेली वीज उतरवून घ्यावी.