विजेची मोटारगाडी व तिचा हिशेब

गेलीं कांहीं वर्षें मधल्या सुटींत एक वाद वारंवार आमच्या कानांवर पडतो. "पेट्रोलची गाडी आतां संपली, यापुढें सर्वत्र विजेचें राज्य," असें एक पक्ष म्हणतो, "जिला आवाज नाहीं ती गाडी कसली!" असें दुसरा पक्ष उत्तर देतो. पालकांच्या भेटीच्या दिवशींहि हाच प्रश्न निराळ्या रूपानें पुढें येतो. नवी गाडी घ्यावयाची तर कोणती घ्यावी? मुलगा मोटारदुरुस्तीचें काम शिकत आहे, त्याच्या धंद्याचें पुढें काय होणार? प्रश्न असा संसाराचा व पोटापाण्याचा असल्यामुळें त्याचें उत्तर आवेशानें न देतां विचारानें दिलें पाहिजे. आम्ही स्वतः मोटारगाडीचे जुने भोक्ते आहों. एंजिनाच्या आवाजावरून गाडीचें दुखणें ओळखण्यांत जो आनंद आहे तो आम्हांस ठाऊक आहे. तरी आवड एका बाजूस ठेवून या विषयाचा हिशेब मांडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. विजेची गाडी ही काल जन्मलेली वस्तु नव्हे. फ्रान्स देशांतील गास्तों प्लांते यानें १८५९ सालीं पुन्हां पुन्हां भरतां येणारी शिशाची बॅटरी तयार केली, व १८८१ सालीं गुस्ताव्ह त्रूव्हे यानें पॅरिस शहरांत विजेवर चालणारी तीनचाकी गाडी चालवून दाखविली. जर्मनींत कार्ल बेंझ यानें आपल्या पेट्रोलच्या गाडीचें पेटंट घेतलें तें १८८६ सालीं. म्हणजे दोन्ही बहिणींत विजेची गाडीच थोडी वडील! ताशीं शंभर किलोमीटरांचा वेग ज्या मोटारगाडीनें सर्वांच्या आधीं ओलांडला, तीहि विजेचीच होती. बेल्जियमच्या कामीय जेनात्झी यानें १८९९ सालीं पॅरिसनजीक ती चालविली व ताशीं १०५ किलोमीटरांहून अधिक वेग गांठला. तिच्या फ्रेंच नांवाचा अर्थ 'कधींहि संतुष्ट न होणारी' असा आहे. १९०० सालच्या सुमारास अमेरिकेंत ज्या मोटारगाड्या तयार होत, त्यांतील सुमारें एकतृतीयांश विजेच्या होत्या.

मग ही गाडी मागें कां पडली? मुख्य कारण तिच्या बॅटरीचें वजन. एक किलो पेट्रोलांत सुमारें बारा युनिट ऊर्जा साठविलेली असते. एक किलो शिशाच्या बॅटरींत एका युनिटाचा सुमारें तिसावा हिस्सा मावतो. शहराच्या चार रस्त्यांवर हें चाले, परंतु गांवाबाहेर पडतांच गाडीचा जीव संपे. तिकडे हेन्री फोर्ड यानें १९०८ सालीं आपली 'मॉडेल टी' गाडी ८५० डॉलरांस विकावयास काढली व पुढें तिची किंमत ३०० डॉलरांच्याहि खालीं आणली. पेट्रोलच्या गाडीची एक मोठी अडचण म्हणजे पुढें उभें राहून हँडल मारणें. त्यांत कित्येकांचे हात मोडत. चार्ल्स केटरिंग यानें एंजिन सुरू करणारी छोटी विजेची मोटर शोधून काढली व १९१२ सालीं ती कॅडिलॅक गाडींत बसविली गेली. गंमत अशी कीं, विजेच्या गाडीच्या पराभवास अशा रीतीनें एका विजेच्या मोटरनेंच हातभार लावला!

तथापि रुळांवरील विजेचें राज्य मात्र कधींच संपलें नाहीं. मुंबईंत विजेची ट्राम १९०७ सालीं धांवूं लागली, व १९२५ सालच्या ३ फेब्रुवारीस हिंदुस्थानांतील पहिली विजेची आगगाडी मुंबईच्या बोरीबंदरापासून कुर्ल्यास गेली. रुळांवरील गाडीस वीज वरच्या तारेंतून मिळते, बॅटरी वाहून न्यावी लागत नाहीं. यावरून हें स्पष्ट होईल कीं, उणीव मोटरेंत नव्हती. उणीव होती ती शिदोरी बरोबर नेण्याच्या साधनांत.

आतां दोन्ही यंत्रें कशीं चालतात तें पाहूं. पेट्रोलच्या एंजिनांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण नळकांड्यांत शोषलें जातें. दट्ट्या तें दाबतो. ठिणगी पडून तें पेटतें व तापलेला वायु दट्ट्यास खालीं लोटतो. शेवटीं धूर बाहेर टाकला जातो. दट्ट्याच्या या चार खेपांपैकीं खरें काम एकच खेप करते, बाकीच्या तीन तिची चाकरी करतात. पुन्हां या खालीं-वर होणाऱ्या गतीचें चाकाच्या फिरण्यांत रूपांतर करावयास दांडे, झडपा, क्लच, गिअर असा मोठा परिवार लागतो. इतकें करून पेट्रोलांतील ऊर्जेचा चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोंचला तर पुष्कळ झालें. उरलेली बहुतेक उष्णतेच्या रूपानें हवेंत जाते. उलट, मोटरेंत तारेच्या वेटोळ्यांतून वीज वाहूं लागली कीं चुंबकत्व उत्पन्न होऊन आंतील भाग फिरूं लागतो, आणि बॅटरींतून घेतलेल्या ऊर्जेपैकीं शंभरांत ऐशींहून अधिक भाग चाकांच्या कामीं येतो. खंडाळ्याचा घाट उतरतांना हीच मोटर जनित्र बनते व गाडीचा वेग आंवरतां आंवरतां थोडी वीज बॅटरींत परत भरते. प्रयोगशाळेंत तुम्हीं फिरविलेलें जनित्र व ही मोटर एकाच तत्त्वाच्या दोन बाजू होत.

बॅटरीचें कोडें सुटावयास मात्र शंभर वर्षें लागलीं. लिथियम या अत्यंत हलक्या धातूचा उपयोग करणारी नवी बॅटरी १९९१ सालीं जपानांत बाजारांत आली. तिचा पाया घालणारे स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ व अकिरा योशिनो यांस २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या वेळीं गुडइनफ यांचें वय ९७ वर्षांचें होतें. हिच्या एका किलोंत शिशाच्या बॅटरीच्या कित्येक पट वीज मावते. आरंभीं ती लहान यंत्रांपुरतीच होती. अमेरिकेंतील टेस्ला कंपनीनें २००८ सालीं असे सहा हजारांहून अधिक लहान घट एकत्र जोडून शर्यतीच्या धर्तीची गाडी विकावयास आणली, तेव्हां 'विजेची गाडी म्हणजे मंद गाडी' हा समज उडाला. मग उत्पादन वाढलें, भाव उतरले. २०१० सालीं बॅटरीच्या एका युनिटास हजार डॉलरांहून अधिक खर्च येई. २०२४ सालीं तो सुमारें ११५ डॉलरांवर आला.

भाव उतरतांच बाजार पालटला. २०२४ सालीं जगांत विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकीं पांचांत एकीहून अधिक विजेवर चालणारी होती. यांत विजेवर भरतां येणाऱ्या दुहेरी गाड्याहि धरल्या आहेत. चीन देशांत हें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर पोंचलें. तेथील बीवायडी ही कंपनी १९९५ सालीं बॅटऱ्या करणारी म्हणून निघाली व पुढें मोटारींच्या धंद्यांत शिरून जुन्या घराण्यांस भारी झाली. नॉर्वे देशांत २०२४ सालीं विकलेल्या शंभर नव्या मोटारींपैकीं सुमारें ८९ विजेच्या होत्या. आपल्याकडे बंगळूर येथील रेवा ही छोटी गाडी २००१ सालींच आली होती; टाटा कंपनीची विजेची नेक्सॉन व बजाज कंपनीची विजेची चेतक या दोन्ही २०२० सालीं आल्या. ज्या चेतक स्कूटरवर एका पिढीनें संसार वाहिला, तेंच नांव आतां विजेच्या दुचाकीस मिळालें आहे. आपल्या देशांत खरी क्रांति मात्र श्रीमंतांच्या मोटारींत नसून तीनचाकींत झाली आहे : २०२४ सालीं विकलेल्या नव्या तीनचाकींपैकीं अर्ध्याहून अधिक विजेच्या होत्या.

आतां पालकांच्या प्रश्नाकडे वळूं. तो अंकगणितानें सुटतो. समजा, पेट्रोलची गाडी एका लिटरांत १५ किलोमीटर जाते व लिटरास १०० रुपये पडतात. विजेची गाडी एका युनिटांत ६ किलोमीटर जाते, भरतांना दहावा हिस्सा वीज अधिक लागते, व युनिटास १० रुपये पडतात. महिन्यास १५०० किलोमीटर प्रवास असेल, तर पेट्रोलचा खर्च १०,००० रुपये व विजेचा २,७५० रुपये होईल. म्हणजे बचत ७,२५० रुपये. विजेची गाडी घेतांना तीन लाख रुपये अधिक द्यावे लागले, तर ते सुमारें ४१ महिन्यांत, म्हणजे साडेतीन वर्षांत वसूल होतात. परंतु ज्याचा प्रवास महिन्यास ३०० किलोमीटरच आहे, त्याची बचत १,४५० रुपये. त्याचे तीन लाख फिटण्यास सतरा वर्षें लागतील! गाडी तीच, भाव तोच. उत्तर मात्र उलट. विद्यार्थ्यांनीं आपल्या घरचे आंकडे घालून हें उदाहरण सोडवावें व वडिलांस दाखवावें. सरकारी सवलतींवर मात्र फार विसंबूं नये. अमेरिकेंत नव्या विजेच्या गाडीवर मिळणारी ७,५०० डॉलरांपर्यंतची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ रोजीं बंद झाली. आपल्याकडेहि त्याच महिन्यांत लहान पेट्रोल गाड्यांवरील कर शेंकडा २८ वरून १८ वर आला.

याशिवाय ज्यास घरीं रात्रीं गाडी भरण्याची सोय नाहीं, त्यानें दोनदां विचार करावा. रस्त्यांवरील भरणा-केंद्रें अपुरीं आहेत, ही तक्रार खरी आहे. पण ती कायमची नव्हे. कार्ल बेंझ याची पत्नी बर्था १८८८ सालीं आपल्या दोन मुलांसह मोटारीनें शंभराहून अधिक किलोमीटरांच्या प्रवासास निघाली, तेव्हां जगांत एकहि पेट्रोलपंप नव्हता. वाटेंत तिला इंधन औषधांच्या दुकानांतून घ्यावें लागलें! सोय वाहनाच्या मागून येते.

मोटारभोक्त्यांचें दुःख वेगळें आहे. एंजिनाची घरघर, गिअर बदलण्यांतील हातोटी, हीं जाणार म्हणून ते हळहळतात. हळहळ आम्हांसहि वाटते. परंतु आवाज हा यंत्राचा गुण नव्हे. ऊर्जा वायां जात असल्याची ती वर्दी आहे. ज्याचें प्रेम यंत्रावर आहे, त्यास कमी भागांत अधिक काम करणारें यंत्र पाहून आनंदच झाला पाहिजे. आमची खरी तक्रार दुसरी आहे. जुनी गाडी होतकरू मुलास उघडून पाहतां येई. नवी गाडी बंद पेटीसारखी असते. तिच्या बॅटरींत शेंकडों व्होल्टांचा दाब असतो व अशिक्षित हातानें तिला स्पर्श करणें जिवावर बेतेल. म्हणून गॅरेजांत काम शिकणाऱ्या मुलांनीं, आणि भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांत दट्ट्या व गिअर यांचे भाग करणाऱ्या कामगारांच्या घरच्यांनीं, ही गोष्ट मनावर घ्यावी. ब्रेक, टायर, स्प्रिंगा, सांगाडा हीं कामें राहतील. एंजिनाचीं कामें हळूहळू कमी होतील. आज रस्त्यावर असलेल्या पेट्रोलच्या गाड्या अनेक वर्षें दुरुस्तीस येतील, म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं. परंतु ही मिळालेली मुदत आहे, अभय नव्हे. या मुदतींत विद्युत्-विद्या शिकून घ्यावी.

शेवटीं हिशेबाची जी बाजू पावतीवर छापलेली नसते, ती पाहूं. नॉर्वेची वीज बहुतेक धबधब्यांची व धरणांची आहे. आपल्याकडे कोयनेचें पाणी आहे, तसाच चंद्रपूर-कोराडीचा कोळसाहि आहे, आणि देशांतील विजेचा मोठा भाग कोळशाचाच आहे. विजेची गाडी शहरांतील मुलांच्या नाकांत धूर सोडीत नाहीं हें खरें. पण त्या धुराचा कांहीं अंश दूरच्या कोणा गांवावर जातो हेंहि खरें. तसेंच, अनेक बॅटऱ्यांस कोबाल्ट हा धातु लागतो, व जगांतील कोबाल्टपैकीं अर्ध्याहून पुष्कळ अधिक आफ्रिकेंतील कांगो देशाच्या खाणींतून निघतो. तेथील हातानें खणलेल्या खाणींत तुमच्या वयाचीं मुलें राबलेलीं आहेत. लोह व फॉस्फेट यांच्या नव्या बॅटऱ्यांस कोबाल्ट लागत नाहीं, ही समाधानाची गोष्ट होय. पेट्रोलचे हात स्वच्छ आहेत असें मात्र कोणीं समजूं नये. तेलासाठीं झालेलीं युद्धें इतिहासाच्या तासास तुम्हीं वाचलींच आहेत.

बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, अशा अर्थाचा एक दृष्टांत प्रभु येशूनें सांगितला आहे. तो मोटार घेणाऱ्यासहि लागू पडतो, आणि हिशेब केवळ रुपयांचा नव्हे. आमचें मत विचाराल तर पुढील काळ बहुतांशीं विजेच्या गाडीचाच आहे. परंतु प्रत्येक घराला ती आजच हवी असें नाहीं, व ज्या ठिकाणीं आगगाडी किंवा बस जाते तेथें तीच सर्वांत स्वस्त व निर्मळ मोटार होय. नव्यास नवें म्हणून भुलूं नये, जुन्यास जुनें म्हणून चिकटूं नये. यंत्र नीट समजून घ्यावें, त्याचें मोल कोण कोठें भरतो हें विचारावें, आणि मग निर्णय करावा. आपल्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें अशी बॅटरी तयार केली कीं जिच्यासाठीं कोणत्याहि देशांतील मुलास खाणींत उतरावें लागणार नाहीं, तर या शाळेस त्याहून मोठें भूषण कोणतें?